मोगलाईतला इंग्रजीचा पेपर

नळदुर्गहून सोलापूर पन्नास किलोमीटरही नाही. आज एसटीत बसलेला माणूस डुलकी लागेपर्यंत तिथे पोचतो. १९३५च्या सुमारास मात्र एवढ्याशा वाटेत राज्य बदलायचं, नाणं बदलायचं, सालही बदलायचं. नळदुर्ग निजामाच्या अमलात, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मोगलाईत'. सोलापूर इंग्रजी मुलखात. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. इकडे सरकारी कागदावर फसली सन, तिकडे इसवी. आणि हायस्कुलात शिकणाऱ्या पोराची परीक्षाही निराळी. तिकडे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, इकडे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची. एका परीक्षेवर लंडनची छाया, दुसरीवर दख्खनी दरबाराची. दोन्हीकडे एक विषय मात्र चुकत नव्हता, तो म्हणजे इंग्रजी. बाकी सगळे पेपर चांगले जाऊनही इंग्रजीत गचका खाल्ला की वर्ष बुडालं, हे सरहद्दीच्या दोन्ही अंगांना सारखंच होतं.

नळदुर्गच्या पट्ट्यात गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत राज्यकर्ते चारदा बदलले. दर बदलाबरोबर शाळेची भाषा बदलली, परीक्षेचं नाव बदललं, प्रमाणपत्रावरचा शिक्का बदलला. इंग्रजीचा पेपर तेवढा टिकला, इतकंच नव्हे तर प्रत्येक राजवटीनंतर त्याचं वजन वाढत गेलं. ज्यांनी इंग्रजी हटवायला निघाल्याचा आव आणला त्यांच्या काळातही ते वाढलं. हे कसं झालं, ते क्रमाने पाहण्यासारखं आहे.

गंमत अशी की या भागाशी जोडलेली पहिली भाषेची परीक्षा इथल्या पोरांची नव्हतीच. ती साहेबांची होती. कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकाव्या लागत आणि त्यांच्या परीक्षाही द्याव्या लागत. १८५३मध्ये निजामाकडे थकलेल्या फौजखर्चापोटी इंग्रजांनी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा भाग आपल्या ताब्यात घेतला. नळदुर्गवर अधिकारी म्हणून आला कॅप्टन फिलिप मेडोज टेलर. हा पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला, कुठल्याही विद्यापीठाची पायरी न चढलेला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस. ठगांवरच्या कादंबरीने विलायतेत त्याचं नाव आधीच झालं होतं. बोरी नदीच्या काठच्या त्या अवाढव्य किल्ल्यात, जिथे इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यात पाणीमहाल आहे, तिथे त्याने बस्तान बसवलं. जमिनीची मोजणी, सारा, रस्ते ही त्याची कामं. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ साली निघालं. त्यात रयतेशी तिच्याच भाषेत बोलणारा अंमलदार दिसतो. पुढे त्याने 'तारा' ही कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. म्हणजे नळदुर्गातल्या कुणाही मुलाला इंग्रजी येण्याची गरज पडण्याआधी, नळदुर्गवर हुकूम चालवायचा तर इंग्रजालाच इथली भाषा यावी लागत होती.

ही स्थिती फार टिकली नाही. १८५७च्या धामधुमीत टेलरची वऱ्हाडात बदली झाली आणि १८६०मध्ये, बंडात निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला त्याची बक्षिसी म्हणून, नळदुर्ग आणि रायचूर दोआब त्याला परत मिळाले. इथेच दोन मुलखांच्या वाटा फुटल्या.

त्याच सुमारास पलीकडे इंग्रजी मुलखात काय चाललं होतं? मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं, त्याची पहिली मॅट्रिक १८५९ची. १३२ जण बसले, २२ उतरले. उतरलेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्या २२ जणांच्या हातात जो कागद पडला त्याची किंमत पुढच्या पन्नास वर्षांत एवढी वाढली की 'मॅट्रिक झालेला' ही माणसाची जातकुळी सांगण्याइतकी मोठी ओळख ठरली. मामलेदार कचेरी, पोस्ट, रेल्वे, शाळामास्तरकी, सगळ्यांची किल्ली तीच. आणि मॅट्रिकची किल्ली इंग्रजी. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी गेली ती याच गरजेपोटी. मराठी वाक्य वाचायचं, इंग्रजी करायचं, मागे ताडून पाहायचं. पिढ्यान् पिढ्या तर्खडकर पुरले. पुण्यात १८८०मध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर मंडळींनी राष्ट्रीय बाण्याची शाळा काढली आणि तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल ठेवलं, यातच सगळं आलं.

मोगलाईत यातलं काहीच नव्हतं. निजामाच्या दरबाराची भाषा आधी फारसी आणि १८८०च्या दशकात उर्दू झाली. सरकारी नोकरीची वाट उर्दूतून जात होती. इंग्रजी हवी होती ती हैदराबाद शहरातल्या उमरावांच्या मुलांना. त्यांच्यासाठी १८८७मध्ये निजाम कॉलेज निघालं आणि ते जोडलं गेलं मद्रास विद्यापीठाला. म्हणजे हैदराबाद संस्थानात इंग्रजी शिकणाऱ्याचा पेपर मद्रासला निघायचा आणि मद्रासलाच तपासला जायचा. सोलापूर उंबऱ्याशी असताना नळदुर्गकडच्या मुलाने मद्रासच्या परीक्षेची तयारी करायची, हे आज विचित्र वाटतं. तेव्हा ते रीतसर होतं. अर्थात तिथवर जाणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. नळदुर्गचं जिल्ह्याचं ठाणं धाराशिवला हललं होतं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचं नळदुर्ग हे नावही जाऊन उस्मानाबाद झालं. हायस्कूल म्हणजे जिल्ह्याच्या गावी जायचं, कुणाच्या तरी ओसरीवर राहायचं आणि भाकरी घरून येण्याची वाट बघायची.

यानंतरचं वळण सगळ्यांत महत्त्वाचं. १९१७ साली अकबर हैदरी यांनी निजामापुढे एक टिपण ठेवलं. त्याचा सारांश असा: आपली मुलं परक्या भाषेतून शिकतात, त्यांची अर्धी शक्ती भाषेशी झटण्यातच जाते आणि विषय डोक्यात शिरत नाही. म्हणून उर्दूतून उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ काढावं. मीर उस्मान अली खान यांनी ते मानलं. त्यांच्या फर्मानाने १९१८मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं. इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी खास भाषांतर खातं, 'दारुल तर्जुमा' सुरू झालं. रसायनशास्त्रापासून कायद्यापर्यंत पुस्तकं उतरू लागली. हिंदुस्थानातल्या एका देशी भाषेतून पदवीपर्यंतचं आधुनिक शिक्षण देण्याचा एवढा मोठा प्रयोग तोवर झाला नव्हता. ही गोष्ट मनमोकळेपणाने मान्य केली पाहिजे. मराठवाड्यात उस्मानियाबद्दल बोलताना आपण रझाकारांच्या चष्म्यातून बोलतो आणि हा भाग सुटतो.

पण त्याच फर्मानात दोन गोष्टी होत्या. माध्यम उर्दू, आणि इंग्रजी भाषेचं ज्ञान सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचं. म्हणजे इंग्रजीला सिंहासनावरून उतरवून देवडीवर बसवलं. आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला तिला विचारूनच जावं लागणार होतं. हैदरींचा हेतू स्वच्छ असेल. जगाशी व्यवहार इंग्रजीतूनच आहे हे त्यांना दिसत होतं. परिणाम मात्र कुणावर कसा झाला ते नळदुर्गच्या बाजूने पाहावं लागतं.

हैदराबादच्या उर्दू बोलणाऱ्या मुलासाठी गणित सोपं होतं: घरची भाषा, शाळेची भाषा, वर इंग्रजीचा एक विषय. संस्थानातली बहुसंख्य प्रजा मात्र तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. प्राथमिक चार इयत्ता मराठीत झाल्या की नळदुर्ग-तुळजापूरकडचं पोरगं वरच्या शाळेत उर्दूत पडायचं. इतिहास उर्दूत, भूगोल उर्दूत, बीजगणित उर्दूत. इंग्रजीच्या तासाला मास्तर वाक्याचा अर्थ सांगत तोही उर्दूतच; पोराने तो मनातल्या मनात मराठीत आणायचा, समजून घ्यायचा आणि पुन्हा इंग्रजीत लिहायचा. एका वाक्याला तीन घाट चढायचे. सोलापूरच्या बाजूला तोवर मॅट्रिकचे काही विषय देशी भाषांतून लिहिण्याची मुभा हळूहळू मिळू लागली होती. इकडे ज्या विद्यापीठाचा जन्मच परक्या भाषेच्या ओझ्याची तक्रार करून झाला, त्याने मराठी पोरावर एकाऐवजी दोन परक्या भाषा ठेवल्या.

संस्थानात दुसरी वाटही होती: हायस्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट, इंग्रजी माध्यमाची, निजाम कॉलेजकडे नेणारी. ती शहरातल्या, ऐपतीच्या घरांची. गावाकडच्याला उस्मानियाची मॅट्रिक किंवा मग सरळ सरहद्द ओलांडणं. ज्यांचे सोलापुरात नातेवाईक होते त्यांनी पोरं तिकडे ठेवली. उस्मानाबाद जिल्ह्याच्या कितीतरी घरांत अशी 'सोलापूरला शिकलेली' माणसं निघतात ती त्यामुळेच.

तिसरी वाट काढणारेही होते. नळदुर्गपासून फार लांब नाही असं हिप्परगा गाव, आज लोहारा तालुक्यात. तिथे १९२१मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. १९२९मध्ये या शाळेचं मुख्याध्यापकपद एका तरुणाकडे आलं: व्यंकटेश भवानराव खेडगीकर. सिंदगीला जन्मलेला, सोलापुरात शिकत असताना असहकाराच्या हाकेवर सरकारी शाळा सोडलेला, टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून पदवी घेतलेला. १४ जानेवारी १९३० रोजी त्याने संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव धारण केलं. बाबासाहेब परांजपे त्यांचे सहकारी. मराठीतून शिकवणं, खादी, व्यायाम, सगळं या शाळेत होतं. पण राष्ट्रीय शाळेपुढे एक प्रश्न कायम उभा असतो: शाळा संपली, आता पोराने करायचं काय? हातात मान्य प्रमाणपत्र नसेल तर नोकरी नाही, पुढचं कॉलेज नाही. ध्येयवाद शिक्षकाला पुरतो, बापाला पुरत नाही. १९३५मध्ये स्वामीजी आणि त्यांचे सहकारी मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला गेले आणि योगेश्वरीच्या शाळेत कामाला लागले. हैदराबादच्या मुक्तिलढ्याची पहिली फळी या दोन शाळांतून बरीचशी घडली. अनंत भालेरावांनी या लढ्याचा इतिहास लिहिला आहे, त्यात शिक्षणाच्या भाषेची ही कुचंबणा चळवळीच्या मुळाशी कशी होती ते नीट उलगडतं. १९३७मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. मराठी मुलांना मराठीतून शिक्षण, ही त्या काळच्या जाणत्या मंडळींची जुनी मागणी होती.

१९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या कॉलेजात 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून वणवा पेटला. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यांना आसरा दिला नागपूर विद्यापीठाने. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. आता जरा विचार करा: उर्दूतून शिकलेली ही मुलं इंग्रजी माध्यमाच्या नागपुरात जाऊन बसू शकली, ती कशाच्या जोरावर? फर्मानातल्या त्या सक्तीच्या इंग्रजीच्या. जिने देवडीवर अडवलं तिनेच बाहेरचं दार उघडून दिलं. इंग्रजीच्या पेपराला शिव्या देणाऱ्यांनी हेही जमेस धरायला हवं.

१९४७-४८चं वर्ष शाळांचं नव्हतंच. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या हाकेवर अनेक विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजं सोडली. सोलापूरच्या सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले आणि मॅट्रिकच्या वयाची पोरं पुस्तकाऐवजी बंदूक धरायला शिकली. रझाकारांच्या भीतीने गावंच्या गावं सोलापुराकडे सरकली. मग १३ सप्टेंबर १९४८ची पहाट उजाडली. भारतीय फौजेचा मुख्य रेटा सोलापूर-हैदराबाद रस्त्याने होता आणि त्या रस्त्यावरचं पहिलं महत्त्वाचं ठाणं नळदुर्ग. बोरी नदीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडवला असता तर रणगाडे अडले असते. सातव्या ब्रिगेडने तो पूल धडाक्यात, साबूत ताब्यात घेतला. दुसऱ्या शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्चांवर हल्ला चढवला. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती तुकडी जळकोटला होती, दुपारी सव्वातीनला उमरग्याला. चार दिवसांत, १७ सप्टेंबरला, सगळं आटोपलं.

फौज पुढे गेली, आणि मागे राहिलेल्या शाळांपुढे एक साधा प्रश्न उभा राहिला: उद्यापासून कोणत्या भाषेत शिकवायचं?

उत्तर दोन ठिकाणी दोन मिळालं आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. शाळेत उर्दू गेली, मराठी आली. लोकांना हेच हवं होतं, न्याय्यही होतं. तिकडे उस्मानिया विद्यापीठात उर्दू गेली आणि तिच्या जागी इंग्रजी आली. आधी शाळा आणि कॉलेज यांची भाषा निदान एक होती, मग ती परकी का असेना. आता शाळा मराठी आणि कॉलेज इंग्रजी, अशी मधोमध भेग पडली. ती भेग ओलांडायला एकच फळी होती: शाळेतला इंग्रजीचा विषय. निजामाच्या काळात इंग्रजी हा सक्तीचा एक विषय होता. स्वातंत्र्यानंतर तो पुढच्या सगळ्या विषयांचा भार उचलणारा विषय झाला. शिकवणारे मास्तर मात्र तेच, कालपर्यंत उर्दूतून अर्थ सांगणारे.

मराठवाड्यात कॉलेजं निघू लागली ती याच वेळी. १९५०मध्ये औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, पुढचं मिलिंद महाविद्यालय, सुरू झालं. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात पाऊल टाकतंय अशी मुलं या दोन्ही ठिकाणी आली आणि इंग्रजीतल्या व्याख्यानांपुढे बसली.

आता पलीकडचं नवल पाहा. ज्या मुंबई राज्यात नळदुर्ग १९५६मध्ये सामील व्हायचं होतं, तिथे बाळासाहेब खेरांच्या सरकारने इंग्रजी मागे रेटायला सुरुवात केली होती. पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढली, ती आठवीपासून सुरू होऊ लागली. मॅट्रिकच्या जागी राज्याच्या मंडळाची एसएससी आली, तिची पहिली परीक्षा १९४९ची. इंग्रजी न घेताही एसएससी होता येत होतं, पण विद्यापीठात जायचं तर ती हवीच. कागदावर ऐच्छिक, दारात सक्तीची, असा हा मामला. त्यापुढे जाऊन ६ जानेवारी १९५४ रोजी मोरारजी देसाईंच्या सरकारने परिपत्रक काढलं: इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई नसलेल्या वंशाच्या मुलांखेरीज कुणाला प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची चालक संस्था कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने आणि मग त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक रद्द ठरवलं. निकालाचा अर्थ साध्या भाषेत असा झाला की सरकारने सर्वसामान्यांच्या शाळेत इंग्रजी उशिरा आणायची ती आणावी, पण ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला ती लवकर घेण्यापासून अडवता येणार नाही. महाराष्ट्रातला आजचा इंग्रजी शाळांचा बाजार कायद्याने तिथेच मोकळा झाला.

१९५६ ते १९६५ ही दहा वर्षं नळदुर्गसारख्या गावातल्या शाळांनी संधिकाळात काढली. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र, तीन तुकड्यांच्या तीन घड्या. १९५८मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि त्याचे पहिले कुलगुरू झाले एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचे जुने रजिस्ट्रार आणि त्याच्या शंभर वर्षांचे इतिहासकार. मद्रास, मग हैदराबाद, असं करत मराठवाडा शेवटी मुंबईच्या परंपरेला असा जोडला गेला. १९६५च्या कायद्याने राज्यभर एक माध्यमिक शिक्षण मंडळ आलं. तेव्हापासून नळदुर्गच्या आणि सोलापूरच्या पोराला इंग्रजीचा पेपर एकच, एकाच दिवशी, एकाच वेळी. हे व्हायला १८६०पासून शंभराहून अधिक वर्षं लागली.

कोठारी आयोगानंतर १०+२ची रचना आली. मार्च १९७५मध्ये नवी दहावी, १९७७मध्ये पहिली बारावी. बारावीला इंग्रजी सक्तीची. कला शाखेत मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घेतलेल्यालाही ती सुटत नव्हती. खेड्यापाड्यात 'इंग्रजीत गेला' हा वाक्प्रचार होऊन बसला. बाकी पाच विषयांत पास, पण इंग्रजी राहिली. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं, राहिली तर पुन्हा मार्च. तरीही नाही निघाली तर शिक्षण तिथेच थांबलं. मुलगा असेल तर पुण्याला कंपनीत. मुलगी असेल तर तिच्यासाठी स्थळ बघायला सुरुवात, कारण 'शिक्षण कुठे पुढे सरकतंय'.

त्याच १९७७ साली चीनमध्येही एक मोठी घटना घडत होती. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली विद्यापीठ प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा, गाओकाओ, त्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. तिथे इंग्रजीचं काय करायचं हा पेच होताच. गावोगाव शिक्षक नव्हते. त्यांनी एक पद्धतशीर मार्ग काढला. आधी इंग्रजीचे गुण नुसते संदर्भासाठी नोंदले. १९७९मध्ये त्यांतले दहा टक्के धरले, पुढच्या वर्षी तीस, मग पन्नास, मग सत्तर, १९८३मध्ये पूर्ण. शाळांना तयारीला वेळ दिला, मग वजन टाकलं. आज तिथे इंग्रजीचा पेपर चिनी आणि गणिताच्या बरोबरीने दीडशे गुणांचा आहे आणि त्याचं ओझं फार झाल्याची तक्रार तिथेही आहे. त्यांची राज्यपद्धत आपल्याला नको, पण आधी मास्तर आणि मग मार्क हा क्रम शिकण्यासारखा होता. आपण वजन आधी टाकलं आणि मास्तर मागून शोधले.

त्याचं फळ लवकरच परीक्षा केंद्रांवर दिसलं. ज्या विषयावर सगळं अडतं त्या विषयाच्या दिवशी शाळेच्या भिंतीबाहेर गर्दी जमू लागली. चिठ्ठ्या, मायक्रो झेरॉक्स, खिडकीतून येणारे हात. भरारी पथकाची जीप सर्वांत जास्त कोणत्या पेपरला पळते, हे कुठल्याही केंद्रसंचालकाला विचारा. १९८२मध्ये परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा झाला, तरी कॉपी फोफावतच राहिली. मराठवाड्यातल्याच नांदेडला जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी २०१०च्या आसपास कॉपीमुक्तीची मोहीम राबवली तेव्हा ती राज्यभर बातमी झाली, यावरूनच एरवीची स्थिती कळावी. आणि ज्यांना कॉपी करायची नव्हती त्यांच्यासाठी गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच होतेच. 'माय फेवरिट टीचर'वरचा निबंध राज्यातल्या हजारो उत्तरपत्रिकांत स्वल्पविरामासकट सारखा असायचा. पोरगं इंग्रजीत पास व्हायचं. त्याला इंग्रजी येत होती असं नव्हे.

जून २००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी तोवर पुन्हा पाचवीपासून शिकवली जाणारी इंग्रजी पहिलीत आणली. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की श्रीमंतांच्या पोरांना जे मिळतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांनाही मिळालं पाहिजे. १९५४च्या निकालाने उघडी पडलेली विषमता बुजवायचा हा प्रयत्न होता, असं मला वाटतं. मागोमाग सेमी-इंग्रजीची लाट आली, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीत. पाहता पाहता तालुक्याच्या गावांतल्या शाळांनी फलक बदलले. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली पिढी २०१०मध्ये दहावीला पोचली आणि तोवर सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरण्याची पद्धत आली होती. म्हणजे टक्केवारी काढताना इंग्रजीचे कमी गुण सोडून देता येत होते. वर्गात इंग्रजी वाढवायची आणि निकालात तिचं वजन हलकं करायचं, या दोन गोष्टी एकाच दशकात एकाच खात्याने केल्या.

मार्च २०१९च्या दहावीत याचा हिशेब उघड्यावर आला. भाषा विषयांत शाळा स्वतः देत असलेले तोंडी परीक्षेचे वीस गुण त्या वर्षी मंडळाने बंद केले. पेपर सगळा शंभराचा, लेखी. त्यात पाठांतराला कमी वाव देणाऱ्या कृतिपत्रिका. २०१८ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ला ७७.१० वर आला. बारा टक्क्यांची ही घसरण नुसती इंग्रजीची नव्हती, पण शाळेच्या हातचे वीस गुण निकालाला किती आधार देत होते ते त्यातून कळलं. ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी वीस गुण परत आले. त्या वीस गुणांत मुलाला इंग्रजी बोलता येते का, ऐकून समजते का, हे तपासायचं असतं. ते खरोखर तपासलं जातं का, याचं उत्तर दहावीच्या वर्गावर शिकवणाऱ्या कुणाही शिक्षकाकडे आहे, फक्त तो ते सही करून देणार नाही.

नळदुर्ग आज लातूर विभागीय मंडळात येतं. गावात हायस्कुलं आहेत, बालाघाट शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं. लातूरच्या शिकवण्यांना जाणारी मुलं वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा द्यायला बसतात. २०१७पासून ती मराठीतूनही देता येते, पण पुढे एमबीबीएस इंग्रजीतच शिकायचं असतं, म्हणून बहुतेक जण आधीपासून इंग्रजीच घेतात. १९४८नंतर शाळा आणि कॉलेज यांच्यामध्ये पडलेली भेग ती हीच.

२०२५च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचा निर्णय काढला. महाराष्ट्रात रान उठलं. साहित्यिक, शिक्षक, पालक, राजकीय पक्ष सगळे रस्त्यावर आले. लहान मुलावर किती भाषांचं ओझं टाकायचं, मातृभाषा पक्की होण्याआधी दुसरी भाषा आणावी का, हे सगळे मुद्दे पुन्हा निघाले; म्हणजे हैदरींनी १९१७मध्ये मांडलेलेच. २९ जूनला सरकारने तो निर्णय मागे घेतला आणि हिंदी पहिलीतून गेली. इंग्रजी पहिलीत २०००पासून आहे. ती काढा असं म्हणणारा आवाज त्या गदारोळात क्षीणच राहिला.